सरासरीचा चहा

घंटी वाजवल्यावर दशांशरावांना आतून आधी डब्याचे झाकण घट्ट बसल्याचा आवाज आला, मग कपाटाचे दार लागल्याचा, मग किल्ली फिरल्याचा. त्यानंतरच पावले दाराकडे आली.

"या काका," मित्राची सून म्हणाली. किल्ली तिच्या मुठीत होती आणि ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "सकाळपासून तुमचीच वाट बघतायत. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. मी म्हटलं, बाबा, कुणाच्या लग्नाला जायचंय का? तर म्हणाले, आज आकडा यायचाय."

दशांशराव कसेनुसे हसले. ते खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागले. गाठ सुटत नव्हती, आणि ती इतक्यात सुटू नये असेच त्यांना वाटत असावे.

"आत जायच्या आधी जरा स्वयंपाकघरात या," ती आवाज खाली आणून म्हणाली. "मला बोलायचंय."

दशांश हे त्यांचे नाव नव्हे. पुरवठ्याच्या आकडेवारीचे एक सरकारी कार्यालय होते, त्यातल्या साखरेच्या टेबलावर त्यांनी सगळी नोकरी काढली. वर्षभरात देशात साखर किती तयार झाली, बाहेरून किती आली, बाहेर किती गेली, गोदामांत किती उरली, हे सगळे मांडायचे, त्याला लोकसंख्येने भागायचे आणि माणशी किती साखर वाट्याला आली ते सांगायचे, एवढेच त्यांचे काम. भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत करावा असा नियम होता. ते तीन स्थळांपर्यंत करत, आणि तिसरे घरी घेऊन जातात असे लोक चेष्टेने म्हणत. गोदामांतल्या शिलकीचे आकडे आणणारा त्यांचा मित्र तसाच शिल्लकराव झाला. दोघांची खरी नावे पगाराच्या कागदाखेरीज कुठे फारशी लागली नाहीत.

स्वयंपाकघरात सुनेने त्यांना स्टूल दिले. ते बसले नाहीत, म्हणून तीही उभी राहिली.

"किती आलाय?"

"एकाहत्तर ग्रॅम," दशांशराव म्हणाले. "रोजचे. माणशी."

"ग्रॅमचं मला नका सांगू. चमच्यांत सांगा."

"चौदा." मग त्यांना राहवेना. "म्हणजे चौदाच्या किंचित वर."

आता मात्र ती त्या स्टुलावर बसली.

"एवढी साखर खातं कोण हो?"

"तसं कुणीच नाही. सगळे मिळून खातात. बिस्किटं असतात, बाटल्यांतली पेयं असतात. शिवाय हा पुरवठा आहे, खाणं नव्हे. गोदामात भिजलेली, मुंग्यांनी नेलेली, तीसुद्धा यात..."

"काका, मुंग्यांचं राहू द्या." तिने पदराने कपाळ टिपले. "डाव्या पायाची दोन बोटं गेल्या वर्षी गेली. आता उजव्याला जखम झालीय. डॉक्टर म्हणाले, हा पाय वाचवायचा तर पथ्य आत्ताच. मी विचारलं, अगदी थेंबभरसुद्धा नको का? म्हणाले, वर्षातून एखाद्या दिवशी एखादा चमचा, त्याने आभाळ कोसळत नाही. एखादा. आणि बाबा काल म्हणतात, आकडा येईल तेवढे चमचे. मी नाही म्हटलं तर ताट तसंच ठेवून उठले. आज सकाळच्या गोळ्या घेतल्या नाहीत. आधी चहा, मग गोळ्या म्हणे. लहान मूल परवडलं."

दशांशरावांनी ओट्यावरचा एक चमचा उचलला, बघितला, परत ठेवला.

"तुम्ही सांगा ना त्यांना, या वर्षी एकच आलाय म्हणून."

"असं सांगता येत नाही."

"का?"

"त्याला कळेल."

"कळू दे. तरी तुमचंच ऐकतील. आमचं कोण ऐकतंय इथं." मग ती म्हणाली, "तुमच्या त्या आकड्याला पाय नाहीत, काका. त्यांना आहेत."

दशांशरावांकडे नाही म्हणण्याचे खरे कारण होते. पण ते सांगायचे तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि गोष्ट नीट सांगणे त्यांना कधीच जमले नव्हते.

ती प्रथा साहेबांनी पाडली होती. नोकरीच्या पहिल्या की दुसऱ्या वर्षी वरच्या कार्यालयातून शेरा आला की माणशी साखरेचा आकडा पटण्यासारखा नाही. साहेब रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला, बिनसाखरेचा, आणि साखरेचे भांडे वेगळे. म्हणाले, "जो आकडा आपण देशाला देतो तो आपल्याला गिळता यायला पाहिजे. एका माणसाची एका दिवसाची साखर, एका कपात. घाला." तेव्हा अडीच चमचे निघाले. सगळ्यांनी प्यायला. साहेबांनी मिशा पुसल्या आणि आकडा जसाच्या तसा पुन्हा वर पाठवला.

तेव्हापासून दरवर्षी आकडा पक्का झाला की तो चहा व्हायचा. साहेब असायचे, यंत्रावरच्या बाई असायच्या, ज्या हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर सगळा भागाकार करत, आणि हे दोघे. ज्याच्या वाट्याची ही साखर, त्या सरासरी माणसाला साहेब 'आपला माणूस' म्हणत. "आपला माणूस यंदा कसा आहे?" असे विचारत. आपला माणूस ना म्हातारा होता ना तान्हा, ना गरीब ना श्रीमंत. तो अडीच चमच्यांचा तीनचा झाला, चारचा झाला. चहा गोड होत गेला, मग फार गोड. आठ चमच्यांच्या वर्षी बाईंनी एक घोट घेतला आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिल्या. "आपल्या माणसाला आता आवरा कुणीतरी," त्या म्हणाल्या, आणि सगळे इतके हसले की शेजारच्या गव्हाच्या टेबलावरून माणसे बघायला आली.

साहेब गेले. बाई मुलीकडे लांब राहायला गेल्या आणि पुढे त्याही गेल्याचे कळले. निवृत्तीनंतर हे दोघेच उरले. अलीकडे तो चहा राहिलाच नव्हता, पाक झाला होता. मोठे कप काढून, मधूनमधून पाणी पीत दोघे तो संपवायचे. गेल्या वर्षी शिल्लकराव रुग्णालयात होते, म्हणून खंड पडला. वर्षातल्या एका कपाने कुणाचे काही बिघडत नाही, हे दशांशरावांना भागाकार करून माहीत होते. तरी रुग्णालयाच्या बाकावर बसून त्यांनी तो भागाकार पुन्हा पुन्हा केला होता.

आणि शिल्लकरावांपाशी खोटा आकडा सांगता येत नव्हता याचे कारण असे, की एकदा वरून हुकूम आला होता, शिल्लक थोडी वाढवून दाखवा. शिल्लकरावांनी नकार दिला. त्यांची बदली एका आडबाजूच्या गोदामावर झाली. घरी लहान मूल, बायको आजारी, आणि हे तिकडे उंदरांत. परत आले तेव्हा निम्मे झाले होते. दशांशराव त्यांना घ्यायला गेले होते. फलाटावर शिल्लकराव एवढेच म्हणाले होते, "दुसऱ्या कुणी आकडा सांगितला तर मी तपासतो. तू सांगितलास की लिहून घेतो." दशांशरावांच्या एकट्या आयुष्यात त्यांच्याविषयी कुणी बोललेले इतके चांगले वाक्य दुसरे नव्हते.

"पाणी देता थोडं?" ते सुनेला म्हणाले.

पाणी पिऊन ते आत गेले.

शिल्लकराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. उजवा पाय समोरच्या स्टुलावर, खाली उशी. शर्ट खरोखरच धुतलेला होता, मात्र एक बटण चुकीच्या काजात गेल्यामुळे कॉलर एका बाजूला वर आली होती. डोळ्यांवर साय धरल्यासारखे झाले होते. त्यांनी तोंड दाराकडे वळवले ते आवाजाच्या अंदाजाने.

"कोण, दशांशा? ये. आधी साठा मोजून घे. आरंभीची शिल्लक दहा, वर्षातली घट दोन, अखेरची शिल्लक आठ. आयात शून्य."

"पायाची बोटं कुणी आयात करत नाही."

"करायला पाहिजेत. धोरण चुकतंय." ते स्वतःच हसले. "एवढा वेळ काय करत होतास? सूनबाईनं फितवलं ना तुला?"

"पाणी पीत होतो."

"विहीर खणून प्यायलास काय?"

दशांशराव समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले. ते कुठेही गेले तरी असेच कडेवर बसत, कुणी उठायला सांगितले तर त्रास नको म्हणून.

"पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय? आहे तिथे आहे. कुठे जात नाही, एवढंच." शिल्लकरावांनी हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "दिवसभर ही पोरगी माझ्या मागे. हे खाऊ नका, ते खाऊ नका. मुलगा संध्याकाळी आला की तिच्याकडून माझा अहवाल घेतो. मला कुणी विचारत नाही. मी आता माणूस नाही रे, पथ्य आहे. हा एक दिवस असतो ज्या दिवशी मला काहीतरी समजतं असं मला वाटतं. तर आज कुणी मध्ये यायचं नाही. काय?"

"कोण येतंय मध्ये," दशांशराव म्हणाले.

"मग थांब. आकडा सांगू नकोस. आधी माझा अंदाज."

हेही ठरलेले होते. शिल्लकराव डोळे मिटून बसले. आता मिटले काय, उघडे ठेवले काय, त्यांना फारसा फरक पडत नव्हता, पण विचार करायचा तर डोळे मिटायची जुनी सवय होती.

"रेडिओवर ऐकलं ते सांगतो. पीक भरपूर आहे. कारखाने उशिरापर्यंत चालले. बाहेर पाठवायला बंदी घातली. गोदामांत जागा नाही म्हणून साखर उघड्यावर ठेवलीय, ताडपत्री टाकून. कुठल्या गाढवाने ठेवली कोण जाणे, माझ्या वेळी असं झालं नसतं. तर वर्षाचे पंचवीस-सव्वीस किलो. सव्वीसच्या जवळ. बोल."

आकडा पंचवीस पूर्णांक ब्याण्णव होता. सकाळी कार्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन दशांशरावांनी तो स्वतः बघितला होता, आणि सवयीने मागचा भागाकारही करून बघितला होता. तो बरोबर होता.

त्यांनी तोंड उघडले. समोर पायातला मोजा होता, लोकरीचा, घोट्यापाशी सैल. सुनेने तो सैल व्हावा म्हणून शिवण उसवून पुन्हा घातलेली दिसत होती. वेगळ्या रंगाचा दोरा होता.

"घसरलाय," दशांशराव म्हणाले.

"काय?"

"आकडा. घसरलाय."

"किती?"

"दोन." सवयीने पुढचे दशांशही आले. "दोन पूर्णांक अठ्ठावीस."

खोटे बोलायची सवय असलेला माणूस वीसवर थांबला असता, फार तर पंधरावर. दशांशरावांना ती सवय नव्हती, त्यामुळे थोडे खोटे बोलणे त्यांना जमले नाही. आयुष्यभर पाठ असलेल्या आकड्यांतला जो सगळ्यात लहान तोच तोंडातून बाहेर पडला. तो टंचाईच्या वर्षाचा होता. त्या वर्षी कारखान्यांत संप झाला होता, पिकावर कीड पडली होती आणि परदेशातून मागवलेली साखर बंदरात अडकून पडली होती. दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागायच्या. त्या वर्षीच्या चहाला साहेबांसकट कुणीच काही बोलले नव्हते. चहा मात्र चांगला झाला होता. तसा पुन्हा कधी झाला नाही, यावर पुढे सगळ्यांचे एकमत होते.

खिडकीखालून एक हातगाडी खडखडत गेली. शिल्लकरावांनी डोळे उघडले होते. ते दशांशरावांच्या चेहऱ्याकडे बघत होते, किंवा चेहरा जिथे असेल असे त्यांना वाटत होते तिथे. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू पुसले गेले होते. दशांशरावांना तो फलाट आठवला. आता हा म्हणेल, 'तूसुद्धा?' एवढेच म्हणेल आणि तोंड खिडकीकडे करेल. मग पुढच्या वर्षी इथे यायचे कारण उरणार नाही. या वर्षीसुद्धा उठून जायचे तेवढे राहील. खरा आकडा अजून सांगता आला असता. तो ओठांवरच होता. ते खुर्चीची कड धरून बसून राहिले.

"दोन पूर्णांक अठ्ठावीस," शिल्लकराव सावकाश म्हणाले, जिभेवर ठेवून बघितल्यासारखे. स्टुलावरचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरून जरा सरळ केला.

"म्हणजे संप झाला असणार," ते म्हणाले.

दशांशरावांना क्षणभर कळले नाही. मग ते म्हणाले, "झाला."

"किती कारखान्यांत?"

"सगळ्या."

"आणि पीक? रेडिओवाले तर चांगलं म्हणत होते."

"कीड पडली. शेवटी शेवटी. रेडिओला उशिरा कळलं."

"त्यांना सगळंच उशिरा कळतं. बाहेरून मागवली असेल ना मग?"

"बंदरात अडकलीय."

"भिजली?"

"थोडी."

"अरेरे." शिल्लकरावांनी मान हलवली. "भिजलेली वजनात धरू नकोस. पाण्याचं वजन असतं ते."

"नाही धरली."

"शाबास." ते मागे टेकले. आता त्यांच्या आवाजाला जुन्या खोलीतला आवाज आला होता, फायलींच्या ढिगाऱ्यापलीकडून यायचा तसा. "मग दिवसाचे चमचे किती झाले?"

"सव्वा."

"सूनबाई!" शिल्लकरावांनी हाक मारली. "कपाट उघड. सव्वा चमचा. त्याच्या वर एक दाणा पडता कामा नये. देशात टंचाई आहे."

ती दारात येऊन उभी राहिली. तिने सासऱ्यांकडे बघितले, मग दशांशरावांकडे. दशांशराव जमिनीकडे बघत होते. ती गेली, आणि बिनसाखरेचा चहा, दोन कप आणि साखरेचा डबा ट्रेमध्ये घेऊन आली.

"एक चमचा समजलं," ती डबा उघडत म्हणाली. "हा सव्वा कसा मोजायचा?"

"इकडे द्या," दशांशराव म्हणाले. त्यांनी चमचा भरला, खिशातल्या काडेपेटीच्या कडेने सपाट केला, कपात उलटा केला. दुसरा भरून सपाट केला आणि काडीने त्यावर उभी-आडवी रेघ ओढली. साखरेचे चार सारखे भाग झाले. त्यातला एकच त्यांनी काडीनेच कपात ढकलला. "आमच्या बाई केसातल्या आकड्याने करायच्या."

"बाईंचा हात हलका होता," शिल्लकराव म्हणाले. "तुझा थरथरतोय. चमचा कपाला लागतोय, ऐकू येतंय मला."

"नाही थरथरत."

"बरं, नाही थरथरत."

दुसऱ्या कपातही तेवढीच साखर पडली. सून उभी राहून सगळे बघत होती. तिने डबा उचलला, पण लगेच गेली नाही.

शिल्लकरावांनी कप दोन्ही हातांत धरला, आधी वास घेतला, मग एक घोट. बराच वेळ तो त्यांनी तोंडातच ठेवला.

"कसा आहे, बाबा?" तिने विचारले. "फिका झाला असेल."

"देशात साखरच नाही, त्याला तू तरी काय करणार?" ते म्हणाले. आणखी एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. "पण चहाची चव लागतेय. कित्येक वर्षांत लागली नव्हती. काय रे?"

"हो," दशांशराव म्हणाले. त्यांचा कप अजून भरलेलाच होता.

"पी ना मग. निवतोय."

ते प्यायले. सुनेने शिल्लकरावांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. या गोळ्या कशाच्या, किती, हे न विचारता त्यांनी त्या त्याच चहाबरोबर घेतल्या आणि ती वळली तेव्हा तिला म्हणाले, "जेवायला काय आहे ते आण. भूक लागलीय." ती लगबगीने गेली. स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. किल्ली फिरल्याचा आवाज मात्र आला नाही.

दोघे बसून राहिले. साहेबांच्या मिशांबद्दल बोलले, गव्हाच्या टेबलावरच्या माणसांबद्दल बोलले, ज्यांना कधीच विनोद कळत नसत. बाईंनी यंत्राचा दांडा फिरवताना म्हटलेले एक गाणे शिल्लकरावांना अर्धे आठवत होते; उरलेले अर्धे दशांशरावांना आठवत होते पण म्हणायचे धाडस होईना, म्हणून ते अर्धेच राहिले.

निघायची वेळ झाली तेव्हा दशांशराव उठले. काहीतरी बोलायला हवे होते. मित्राची कॉलर नीट करावी असे त्यांच्या मनात आले. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे करून ते बटण सोडले आणि बरोबर काजात घातले. शिल्लकराव लहान मुलासारखी हनुवटी वर करून स्वस्थ बसले होते.

"असले संप एका वर्षात मिटत नाहीत," ते तशाच वर केलेल्या हनुवटीने म्हणाले. "माझा अंदाज विचारशील तर पुढच्या वर्षी आकडा आणखी खाली येईल. एक चमचा. सपाट. तू ये सांगायला."

"येतो."

"आणि हे बघ," त्यांनी दशांशरावांची बाही धरली, आवाज अगदी बारीक केला. "बाहेर कुणाकडे बोलू नकोस. लोक उगाच साठा करून ठेवतील."